गुरुपाद आण्णांनी दिलेली परवानगी

मोबाईल खिशात घाला आधी. सांगतोय ते खरं हाय. संगमेश माझ्या थोरल्या साडूचा पोरगा, कसबा बावड्यात ऱ्हातो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा त्याला.

गेल्या पौषातली अमावस्या. दूध संघाच्या ऑफिसात हा एकटाच, साधं काम काढून बसलेला. तिथं कॉम्प्युटरवर कुणी काय बघायचं, काय बदलायचं, ती परवानगी पंधरा वर्षं गुरुपाद आण्णा द्यायचे. लय हट्टी माणूस! चिठ्ठी चालायची न्हाय, फोन चालायचा न्हाय. समोर उभं ऱ्हाऊन म्हणायचं, "आण्णा, द्या की." मगच. संगमेशला ह्याचा भारी राग. "मी काय भिकारी हाय व्हय?" म्हणायचा. शेवटी त्याच्यासाठी संघाच्या साहेबांनीच आण्णांकडं मागितलं. तरी आण्णांनी परवानग्यांच्या यादीतली नावं काढून टाकायचा हक्क तेवढा दिला, दुसऱ्याला परवानगी द्यायचा न्हाय. दिवाळीत आण्णा वारले. यादीतलं त्यांचं नाव काढायचं, एवढंच काम होतं.

साडेअकराला त्यानं ते काढायला घेतलं. मशीननं विचारलं, ह्यांनी दिलेल्या परवानग्याबी काढू का? ह्यानं वैतागून 'हो' दाबलं. झालं की! खोड तोडल्यावर फांद्या ऱ्हात्यात व्हय? नव्वद गावच्या दूध केंद्रांना आण्णांनीच परवानगी दिलेली. सगळी बंद. संगमेशची स्वतःचीबी. पहाटे पाचला दूध येणार, नोंद झाल्याशिवाय घेणार कोण? दारातच नासणार, आणि ह्याची नोकरी जाणार.

साहेबांचा फोन बंद. मशीनवाल्या कंपनीच्या फोनवर नुसतं गाणं. "आयला, काय कटकट हाय ही!" टेबलावर मूठ आपटली त्यानं. बारा वाजले. एक वाजला. काहीबी दाबा, उत्तर एकच. परवानगी नाही.

दोन वाजून दहा मिनिटं.

बाहेर भुंकणारं कुत्रं गप झालं. शेजारची खुर्ची... आण्णांची... जरा सरकली.

संगमेशनं वळून बघितलं न्हाय. उभा राहिला. दोन्ही हात खिशात.

"आण्णा..."

मान खाली घातली त्यानं.

"आण्णा... द्या की."

टक.

कळ दाबल्याचा आवाज. मग दुसरी. मग तिसरी... ह्याचे हात अजून खिशातच.

पाचला नव्वदच्या नव्वद केंद्रं चालू झाली. दूध वाचलं, नोकरी राहिली. उजाडल्यावर त्यानं यादी उघडली. परवानगी देणाऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव, गुरुपाद. वेळ दोन-दहा.

आणि संगमेशच्या ओळीत एक हक्क जास्तीचा. दुसऱ्याला परवानगी द्यायचा.