वंदूआत्याच्या डोळ्यातला पाहुणा

वंदूआत्याचा उजवा डोळा लालभडक झाला होता आणि औषधं घालून घालून सगळे थकले, तरी दुखणं काही हटेना. आत्या हवाई एसटीची चालक. आता ढगांतून गाडी न्यायची तर दोन्ही डोळे शाबूत नकोत? डोळा गेला की नोकरीही गेली! तिची लाडकी भाची मैथिली बिचारी नीट जेवतही नव्हती.

"दिसतंय त्याच्या कितीतरी पट दुखतंय," डॉक्टर बागवान कोड्यात पडल्या. "वंदनाताई, डोळ्यात घालायच्या लेन्स कशानं धुता?"

"औषधी द्रावणानं. दुसऱ्या कशानं कधीच नाही."

मैथिलीला रडूच कोसळलं. "द्रावण संपलं होतं. आत्या दमून झोपली होती, म्हणून मीच लेन्सच्या डबीत तांब्याच्या कळशीतलं पाणी भरलं. आजी म्हणते, ते सगळ्यात शुद्ध!"

"शहाणी माझी! सांगितलंस म्हणून काय शोधायचं ते कळलं," डॉक्टर म्हणाल्या. "ते पाणी प्यायला चालतं गं, डोळ्याला नाही."

टिपूस नावाच्या यंत्रमानवानं डोळा बधिर करून पारपटलाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) कणभर भाग खरवडला आणि जिवाणूंचा थर दिलेल्या बशीत ठेवला. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून त्या थरात नागमोडी वाटा दिसल्या.

"कुणीतरी चरत गेलंय!" मैथिली ओरडली.

"अकँथअमीबा (पाण्यात, मातीत राहणारा एकपेशीय जीव)," डॉक्टर म्हणाल्या. "जिवाणू हे त्याचं खाणं. मग जिवाणूंवरच्या औषधाला तो कशाला दाद देईल? याचे थेंब वेगळे. पण आहे मोठा बिलंदर! औषध लागलं की पुटी करतो (स्वतःभोवती कवच बांधतो) आणि आत दडून बसतो. डोळा बरा दिसला म्हणून थेंब थांबवले, की स्वारी पुन्हा बाहेर."

दिवसा थेंब घालायचं काम मैथिलीनं घेतलं, रात्रीचं टिपूसनं. "आली बघा माझी जेलर!" म्हणून आत्या चिडवायची. पुढे डोळा पांढराशुभ्र झाला तेव्हा ती कंटाळून म्हणाली, "पुरे गं आता, बरी झाले मी."

"आत बसला असेल तो! वर बघ."

आत्यानं तिला जवळ ओढलं आणि मुकाट्यानं वर पाहिलं.

कित्येक महिन्यांनी शेवटच्या तपासणीत एकही कवच सापडलं नाही. आत्या चष्मा लावून पुन्हा गाडीवर रुजू झाली. पुढच्या आसनावर मैथिली जीव मुठीत धरून बसली होती.

"आत्या, खाली काय दिसतंय?"

"आपली गच्ची. आजीनं पापड वाळत घातलेत आणि एक कावळा त्यातला एक पळवतोय."

मैथिलीनं काचेला नाक लावून पाहिलं. तिला तर कावळा दिसलाही नव्हता.