दोन सेंटिमीटर बुटकं घर

ढगांतून ऊन सांडलं आणि सिड्सेलची तारांबळ उडाली. उन्हात उभी करायची मापाची काठी नेमकी घरी राहिली होती! एवढ्यात समोरचं दार उघडून एक ताडमाड तरुण वाकून बाहेर आला.

"ए, जरा अंगणात उभा राहतोस? ताठ!"

"माझंच अंगण आहे हे," तो हसला.

"मग बरंच झालं. उंची किती तुझी?"

"एक मीटर नव्वद. का? लग्नाचं बघतेयस की काय?"

सिड्सेलला हसू फुटलं. डेन्मार्कमधल्या त्या गावात हौशी मंडळी आपलं जुनं गाव पुन्हा बांधत होती, दहापट लहान. विटा बोटाच्या पेराएवढ्या, दारं वीतभर. या तरुणाच्या, आसगरच्या घराचं छप्पर किती उंच, ते मात्र अजून कुणी मोजलं नव्हतं.

"तू आणि तुझी सावली मिळून एक त्रिकोण," ती मोजायची फीत ओढत म्हणाली. "घर आणि घराची सावली मिळून दुसरा. ऊन एकच, म्हणून दोघांचा आकार एकच... फक्त एक थोरला, एक धाकटा. तुझ्या सावलीच्या चौपट घराची सावली, म्हणजे तुझ्या चौपट घर!"

"अरेच्चा! मग तुमच्या गावात मी केवढा?"

"एकोणीस सेंटिमीटर."

"आणि तू?"

"सोळा."

"म्हणजे तिथेही माझ्या खांद्याशीच," तो हळूच म्हणाला, आणि सिड्सेलचे कान तापले.

कॉफी झाली, दालचिनीचा पाव झाला. मग कळलं की आसगरला नॉर्वेत, बर्गनला नोकरी लागलीय, आणि शनिवारी घर बघायला गिऱ्हाईक येतंय. सिड्सेलला उगाचच वाईट वाटलं. उगाचच कसलं, चांगलंच वाईट वाटलं!

आठवडाभर तिने इवल्या विटा रचल्या. शेजारच्या घराला खेटून छप्पर बसवलं, तर ते दोन सेंटिमीटर खाली! खरं तर दोन्ही घरांची छपरं एका रेषेत.

"पोरी, हे बुटकं झालं गं," वेर्नरकाका म्हणाले. बांधकाम त्यांच्या देखरेखीखाली चालायचं. "पाड, आणि नीट मोजून ये."

गुणाकार बरोबर, फीत बरोबर... मग चुकलं कुठे? शुक्रवारी ती पुन्हा त्याच अंगणात उभी राहिली. ऊन येईना. ते यायची घाई तिलाही नव्हती. शेवटी आलं, आणि यावेळी तिची नजर आसगरच्या पायांकडे गेली.

"हे लाकडी बूट... त्या दिवशीही हेच होते?"

"हो..."

"यांचा तळ पाच सेंटिमीटरचा! सावली मोजली बुटांसकट, आणि उंची धरली बुटांविना. चौपटीच्या हिशेबात वीस सेंटिमीटर घर खाल्लंस तू!"

"लहान गावात दोन," तो पटकन बोलून गेला.

सिड्सेल बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"तू चौपट म्हणालीस, तेव्हाच लक्षात आलं. पण माप बरोबर आलं असतं तर... तू परत कशाला आली असतीस?"

"लबाडा! माझं अख्खं छप्पर उतरवायला लावलंस!" ती चिडली खरी, पण आतून तिला इतका आनंद झाला की तो लपवता लपवेना.

आसगर अनवाणी उभा राहिला. सात मीटर ऐंशी. अगदी बरोबर. तिचा चेहरा मात्र पडला. आता इथे यायला कारणच उरलं नव्हतं.

"उद्या गिऱ्हाईक येतंय," तो म्हणाला. "काय सांगू त्याला?"

"मला काय विचारतोस? घर तुझं."

"कारण मला तू आवडतेस, सिड्सेल."

तिने फीत गुंडाळली. पुन्हा उलगडली.

"मग... नको ना विकूस. मला तू इथे हवायस. एकोणीस सेंटिमीटरचा नाही, अख्खा."

आसगरने तिथल्या तिथे फोन लावला. "घर विकायचं नाही, बर्गनला जाणंही रद्द... अहो, नाही, पैसे वाढवू नका. घरात माणूस वाढतंय."

सिड्सेलने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि हात तिथेच राहू दिला.