रिकाम्या खोलीतला श्वास

खोटं वाटलं तर खुशाल सोडून द्या. पण गौरांग माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि हे त्याच्यासोबत म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये घडलंय. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. भर दुपारी.

अंतराळ स्थानकात माणसं राहतात, तशीच एक पोलादी खोली तिथे जमिनीवर बांधली आहे. तिच्यातून हवा गळत नाही ना, हे तपासणं त्याचं काम.

आदल्या आठवड्यात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना ती बघायला बोलावलं होतं. त्याची चार वर्षांची मुलगी ऊर्जा आत शिरली ती बाहेर यायलाच तयार नव्हती. रडतच घरी नेली तिला.

त्या शनिवारी गौरांगने आत डोकावून हाक मारली.

"कोणी आहे का?"

दार लावण्याआधी हाक मारायचीच, असा तिथला नियम.

कोणी नव्हतं. दार लावलं.

थोड्या वेळाने पडद्यावरचा आकडा हलला...

कार्बन डायऑक्साइड. बंद, रिकाम्या खोलीत वाढत होता. अगदी हळूहळू... एखादं लहान मूल आत श्वास घेत असावं तसा.

"फ्राउ लिंडनर, एकदा उघडून बघू?" त्याने वरिष्ठ बाईंना विचारलं.

"नाइन, अजिबात नाही. सेन्सर जुना झालाय. उघडलं तर सगळी चाचणी पहिल्यापासून. हवा काढा."

गौरांगची प्रोबेत्साइट संपत आली होती, नोकरी पक्की व्हायची होती. "आकडे खोटं बोलत नाहीत" म्हणत आयुष्यभर आम्हाला पिडणारा हा पठ्ठ्या. त्या दिवशी त्याने आकड्यालाच खोटं ठरवलं.

पंप सुरू केला.

ठक.

आतून... दाराच्या अगदी खालच्या बाजूला.

ठक... ठक...

"दाब उतरला की धातू वाजतो," लिंडनरबाई म्हणाल्या.

गौरांगचा हात पंप थांबवायच्या बटणापाशी गेला. त्याने तो मागे घेतला.

आवाज मंदावला... मग थांबला. आकडा शून्यावर आला.

"आल्झो, झालं तर. बघा," बाई म्हणाल्या आणि कॉफी आणायला गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मीनल, त्याची बायको.

"अरे, ऊर्जा झोपली होती ना... हलवते तर उठेचना. ओठ निळे पडले होते रे. आत्ता उघडले डोळे. तू आधी घरी ये."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. ऊर्जा जेवते, खेळते, बापाशी जर्मनमध्ये भांडते.

जानेवारीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. बस स्टॉपवर मरणाची थंडी. माझ्या आणि गौरांगच्या तोंडातून वाफा निघत होत्या. ऊर्जा आमच्या मध्ये उभी राहून जोरजोरात गाणं म्हणत होती.

तिच्या तोंडातून... काहीच निघत नव्हतं.

मी बघतोय हे गौरांगने पाहिलं. खाली वाकून त्याने तिचा मफलर नाकापर्यंत ओढला आणि घट्ट बांधला.

"मीनलच्या अजून लक्षात आलेलं नाही," एवढंच म्हणाला.