मधली मोकळी जागा

त्यानं माझी छत्री मागितली, तीही स्वतःसाठी नाही, गिटारसाठी! आमच्या शहरातल्या गाण्याबजावण्याच्या रस्त्यावर, फ्रेंचमन स्ट्रीटवर, पाऊस नुसता कोसळत होता आणि आम्ही दोघं एका बंद दुकानाच्या पडवीत अडकलो होतो. मी म्हटलं, मग मी काय भिजू?

"तुम्ही वाळाल. ही भिजली की फुगून बसते."

"मीही फुगते," मी म्हटलं... आणि छत्री देऊन टाकली. गेलेच मी कामातून.

अल्सीड त्याचं नाव. त्याची बायको कोरिन गायची, हा तिला साथ करायचा. ती वारल्यापासून तो एकट्यानंच वाजवायचा. अंगठ्यानं खर्ज, बाकी बोटांनी गाणं. डोळे मिटले तर तिघं वाजवतायत असं वाटावं. मी लग्नांच्या फिल्म काढणारी. तुमचीही एक काढते, मी त्याला म्हणाले, वर दर सोमवारी राजमा-भाताचा डबा घेऊन हजर. मावशी म्हणायची, "नोएमी, डब्यानं नवरा मिळत असता तर खानावळवालीची दहा लग्नं झाली असती." म्हणेना का. अल्सीडही चिडवायचा, आज तिखट कमी, माया आटली वाटतं? असं कुणी बोललं की माणसानं काय समजायचं? मला एवढंच हवं होतं, त्यानं मला शेजारी उभं राहू द्यावं.

चर्चच्या रिकाम्या सभागृहात, भर दुपारी, त्यानं एक संथ प्रेमगीत धरलं. मी कॅमेऱ्यामागे. दोन आवर्तनं झाली. तिसऱ्याला बोटांतलं गाणं थांबलं, खाली अंगठ्याची नुसती साथ चालू राहिली. आमच्याकडच्या गाण्याबजावण्यात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो — मी मागे सरलो, तू पुढे ये. आणि तिथे माझ्याशिवाय होतं कोण? मी गायला लागले, अगदी हळू.

त्यानं तारांवर पंजा टेकवला. सगळं गप्प.

"मला वाटलं... तू मला बोलावतोयस."

त्यानं वर पाहिलं नाही. "बोलावतच होतो. रोज बोलावतो. तुला नाही, नोएमी."

"आणि पुढे कधी—?"

तो कितीतरी वेळ गिटारच्या तारा पुसत बसला. मग म्हणाला, पुन्हा घेऊ या.

पुन्हा घेतलं. या वेळी तिसऱ्या आवर्तनात त्यानं गाणं सोडलंच नाही. खर्ज, साथ, सूर, सगळं इतकं दाट भरलं की श्वासापुरतीही फट राहिली नाही. त्याचे डोळे वाहत होते, म्हणून मी कॅमेरा त्याच्या हातांवर नेला.

लोकांनी ती फिल्म डोक्यावर घेतलीय. एकटा माणूस इतकं भरून वाजवतो कसा, म्हणतात. मला ती बघवत नाही. माझ्यासाठी त्याला जागा सोडायची नव्हती, ठीक आहे, नसेल माझ्या नशिबात. पण त्या दिवसापासून तो कुठल्याच गाण्यात ती जागा मोकळी सोडत नाही. तो आता कोरिनलाही बोलावत नाही, आणि ते माझ्यामुळे.