दोन्ही पाकळ्या

दिवेआगरात पूनमइतक्या सफाईने गाडी चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. मुक्कामाला येणारे पाहुणे माणगाव स्टेशनवरून म्हसळ्याच्या घाटाने तीच आणायची. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला नॉर्वेला जायचं ठरलं, तेव्हा तिने विमानतळावरून पुढे भाड्याची गाडीच ठरवली. लेकीचं, प्राप्तीचं, गाव डोंगरापलीकडे. जावई बोटीवर. "आई, मला एकटीला भीती वाटते. बाळ होताना तू हवीस," एवढंच लेक म्हणाली होती.

सासूबाईंना, भागुबाईंना, ते पटेना. "परमुलखात, बर्फात गाडी? आगगाडी हाय ना तिथं? आधी देवीला कौल लाव."

आपल्याकडे अडलं की कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न मांडून गप्प बसायचं. जी पाकळी आधी पडेल, ते देवीचं उत्तर. सदा गुरवाने गाऱ्हाणं घातलं: उजवी भाड्याच्या गाडीची, डावी आगगाडीची.

दोन्ही एकदम पडल्या.

सदाने पुन्हा लावल्या. पुन्हा दोन्ही, एकाच क्षणी. गाभाऱ्यात वारा नव्हता. समईची ज्योतसुद्धा हलली नव्हती.

"असं कधी झालं न्हाय, वहिनी," तो पुटपुटला.

"पाणी जास्त झालं असेल," पूनम हसली. "नाहीतर देवी म्हणत असेल, दोन्हींनी जा!"

भागुबाई हसल्या नाहीत. "जिच्यात डोळा मिटता येईल ती धर, बाय. लेकीपाशी पोचायचंय तुला."

विमानतळावर उतरली तेव्हा पूनमचे डोळे खरंच चुरचुरत होते. भाड्याच्या गाड्यांच्या खिडकीपाशी ती रांगेत उभीही राहिली. पुढचा माणूस बाजूला झाला, आणि तिला सासूबाईंचे शब्द आठवले. ती रांगेतून बाहेर पडली, फोनवरूनच गाडी रद्द केली आणि स्टेशनचा जिना उतरली.

डब्यात ऊब होती. तिला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा बाहेर सगळं पांढरं होतं. रुळांना लागूनच रस्ता होता आणि त्यावर एकच गाडी आगगाडीच्या बरोबरीने चालली होती. आंधळं वळण आलं की दिवे दोनदा मिचकावायचे, ही पूनमची घाटातली सवय. ती गाडीही दर वळणाला तेच करत होती.

'घाटातलं माणूस दिसतंय कोणीतरी,' पूनमला कौतुक वाटलं.

पुढच्या वळणाला दिवे दोनदा मिचकले. वळण संपलं, तेव्हा रस्ता रिकामा होता. बर्फावर चाकाची खूणही नव्हती.

स्टेशनवर समजलं, डोंगरातला रस्ता सकाळीच बंद केला होता. आगगाडी तेवढी पोचली होती. पूनम धावतच इस्पितळात शिरली. प्राप्तीने तिचा हात घट्ट धरला, आणि थोड्याच वेळात बाळाचा टाहो खोलीभर झाला. मुलगी!

पूनमने घरी फोन लावला. "आत्याबाई, पोचले! वेळेत पोचले! पणती झाली तुम्हाला!"

"सदा, साखर वाट रे गावभर!" पलीकडून भागुबाई ओरडल्या. "माझी सून बर्फाला पुरून उरली!"

पूनम हसत होती, रडत होती. एवढी मोठी लढाई तिने जन्मात जिंकली नव्हती.

प्राप्तीने तिचे हात गालाशी घेतले. "आता कसे ऊबदार झालेत गं. मघाशी केवढे गार होते."

"मघाशी कधी?"

"तू पहिल्यांदा आलीस तेव्हा. बोलली पण नाहीस नीट. गाडी लावून येते म्हणालीस, आणि गेलीस."



बाळ झोपलं होतं. खोलीत छान ऊब होती.

उशाशी टेबलावर भाड्याच्या गाडीची चावी होती. तिच्यावरचा बर्फ अजून वितळला नव्हता.