आत्या कोण लागते?

“ही प्रभा... आम्हाला घरात हेल्प करते,” देवदत्त मिसिसागाहून जेवायला आलेल्या साहेबांना हसत म्हणाला, आणि प्रभानं हातातलं आमटीचं पातेलं टेबलावर आदळलं!

सख्खी बहीण होती ती त्याची! आई गेल्यावर याला तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं, याच्या इंजिनिअरिंगसाठी स्वतःचं कॉलेज सोडून नागपुरात शिवणाच्या मशीनवर मान मोडून काम केलं होतं... त्याची मुलगी रुचा जन्मली तेव्हा “ताई, वर्षभरच ये गं” म्हणून त्यानं तिला कॅनडात रिचमंड हिलला बोलावून घेतलं. ते वर्ष काही संपलं नाही. स्वयंपाक, ग्रोसरी, दारातला बर्फ फावड्यानं उपसणं, आणि झोपायला बेसमेंट! नागपूरच्या विधुर चंद्रकांत मास्तरांनी घातलेली मागणीही देवदत्तनं परस्पर परतवली. “रुचा लहान आहे अजून,” तो म्हणाला, आणि प्रभा रुचाचा डबा भरायला वळली.

“शाळेत काय शिकतेस?” साहेबांनी आता आठवीत असलेल्या रुचाला विचारलं.

“अमेरिकेतल्या जुन्या कॉलनीज,” ती म्हणाली. “वर जमीनदार आणि व्यापारी, मग सुतार, लोहार. त्यांच्याखाली बांधलेले नोकर. अगदी तळाला गुलाम, त्यांना तर सुटकाच नाही. नोकरांचं जहाजाचं तिकीट मालक काढायचा, मग ते ठरलेली वर्षं त्याच्या घरी राबायचे. पगार नाही. मालकाला विचारल्याशिवाय लग्नसुद्धा नाही...” ती थांबली. बापाकडे वळली. “बाबा, आत्याचं तिकीट तूच काढलंस ना? मग हेल्प का म्हणालास? शी इज युअर सिस्टर!”

देवदत्तचा हात उठला... प्रभा मध्ये धावली, आणि ती थप्पड तिच्याच गालावर बसली!

पाहुणे न जेवताच उठले. देवदत्तची बायको चैत्राली ओट्याशी तोंड फिरवून उभी राहिली. प्रभा खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसली. थोड्या वेळानं देवदत्त जिना उतरून आला आणि तिच्या पायांशी कोसळला.

“ताई, मला लाज वाटली गं तुझी... माझ्या सख्ख्या बहिणीची! मी आत्ताच चंद्रकांतरावांना फोन करतो. पाय धरतो त्यांचे...”

“ते गेले, दत्तू. दिवाळीतच.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुझ्या प्रमोशनची पार्टी होती रे. फोन आला तेव्हा मी पुऱ्या तळत होते... घाणा अर्धा सोडून कुणाला सांगणार? आणि काय नात्यानं रडणार?”

देवदत्त तिच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. त्याच्या केसांतून हात फिरवायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं... पण हात गेलाच!

“मला परत जायचंय,” ती हलकेच म्हणाली. “तिथं आता माझं कुणी नाही, ठाऊक आहे. तरी जायचंय.”

“जा, ताई,” तो कसाबसा म्हणाला. “मी येतो सोडायला. पण आज... आज तू रड. त्यांच्यासाठी रड. मी बसलोय इथं.”

आणि भावाचा खांदा धरून, कधीच न झालेल्या त्या नवऱ्यासाठी, प्रभानं हंबरडा फोडला!