पुलाशिवायचं घर

१९५९ च्या जूनमध्ये मी आखातात शुवैखला, बंदरावर कामाला असलेल्या आपल्या माणसांच्या मुलांची शिकवणी घेत होतो. पाच मुलं, सगळी रत्नागिरीकडची. उत्तर मी कधी सांगत नसे. मूल ते स्वतः शोधेपर्यंत थांबायचो. त्याचा मला अभिमान होता.

एका इंग्रज साहेबाने मायदेशी परतताना दिलेल्या पुस्तकात सातशे वर्षांपूर्वीच्या शेतघराचं चित्र होतं. भोवती पाण्याचा खंदक, आत जायला एकच पूल. मुलांनी ते माझ्या अंगणात चिखलाचं केलं. पाणी टँकरने यायचं, म्हणून खंदकासाठी मी एकच तांब्या दिला. नऊ वर्षांच्या असमाने नखाएवढी बाहुली करून आत ठेवली. "ही मी," म्हणाली.

त्यांच्यातल्या यूसुफने पूल मोडला. "आता बस गो आत, बेगमसाहेब."

सगळी हसली. असमा माझ्याकडे वळली. "मास्तर, मी बाहेर कशी येऊ?"

"तूच शोध. तोवर पुलाला कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशीही खंदक भरलेलाच होता. त्या उन्हात ओला कपडा दहा मिनिटांत वाळायचा. पाण्यावर हिरवं शेवाळ धरलं होतं आणि जुन्या तळ्याचा गार वास येत होता.

असमा आली नाही. तिची आई सईदा मला बोलवायला आली. पोरगी खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती. मी गेलो. उंबऱ्यापुढची फरशी कोरडी, तापलेली. असमा आतून त्या फरशीकडे वाकून बघत होती.

"खोल आहे, मास्तर. पूल बांधा ना."

सईदाही विनवू लागली. भीतीचे असे लाड करायचे नसतात, असं मी तिला शांतपणे समजावलं.

"उद्या उत्तर घेऊन ये," असमाला म्हणालो.

सकाळी खोली आतून बंद होती. दार फोडलं. खिडकीचे गज शाबूत होते. असमा नव्हती.

तिची गादी पिळावी इतकी ओली होती. शेवाळाचा वास येत होता.

दिवसभर आम्ही बंदरापर्यंत शोधलं. संध्याकाळी मी गुडघे टेकून पूल बांधला. चांगला रुंद, तिला सहज येता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. शिकवणीला कुणीच आलं नाही.

मी अंगणात गेलो.

पुलाच्या ओल्या चिखलावर तिळाएवढी पावलं उमटली होती. चौघांची.

सगळी आत जाणारी.